खोटा ‘आहे’

जहाजावर चढल्यावर लोक झुंबरं बघतात, काचेची लिफ्ट बघतात, जेवण कुठल्या मजल्यावर मिळतं ते आधी विचारून घेतात. मुकादमांनी यातलं काही केलं नाही. केबिनचं दार उघडताच, खांद्यावरची पिशवीसुद्धा न उतरवता, ते तडक बाल्कनीत गेले आणि कठडा दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवू लागले. कठडा हलेना. मग गुडघ्यावर बसून त्यांनी काचेखालचे स्क्रू एकेक करून अंगठ्याने दाबून पाहिले.

“चोख काम आहे,” उठताना ते म्हणाले. “पास.”

“कळवते हं कप्तानाला,” लेक म्हणाली. “बिचारा वाटच बघत असेल.”

मुकादमांना असले टोमणे लागत नसत. चाळीस वर्षं त्यांनी इमारतींना परांच्या बांधल्या होत्या. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी हुद्दा काही सुटला नव्हता. भाजीवाल्यापासून दाताच्या डॉक्टरपर्यंत सगळे त्यांना मुकादमच म्हणत. त्या चाळीस वर्षांत त्यांच्या परांचीवरून एकही माणूस पडला नव्हता. एकही नाही. हे ते दोनदा म्हणत, आणि ते ऐकल्याशिवाय त्यांच्या घरून चहा पिऊन कुणाची सुटका होत नसे.

लेकीने मात्र सामान उघडण्याआधी फोन उचलला आणि खोल्या बघणाऱ्या बाईंना बोलावून घेतलं. बाई पन्नाशीच्या, हातात चादरींची चळत, चालणं भरभर.

“बाहेरच्या दोन्ही खुर्च्या आणि ते टेबल घेऊन जा,” लेक म्हणाली. “आणि दाराला वरची कडी आहे का?”

“आहे ना ताई. ही बघा.” बाईंनी हात उंचावून दाराच्या अगदी वरच्या टोकाची कडी दाखवली. “ही कायम लावलेली ठेवायची. लहान मूल असलं की खुर्च्या आम्ही न सांगताच नेतो. पण यादीत तुमच्या मुलीचं वय चौदा पडलंय हो.”

तिघांनी मुलीकडे पाहिलं. यादीतली ती ‘चौदा वर्षांची’ मुलगी, खरी पावणेचार वर्षांची, कपाटाच्या मुठीला लोंबकळत होती. तिला घरात खारू म्हणत, खारीवरून, आणि ते नाव तिने चालायला लागल्यापासून रोज कमावलं होतं.

खुर्च्या गेल्या, कडी लागली, आणि मुकादमांचा चेहरा उतरला. “माझ्या देखत कडी? मग मला काय शोभेला आणलंय?”

“कडीला डुलकी लागत नाही, बाबा.”

“मला लागते?”

खरं सांगायचं तर ही सहल नुसती सहल नव्हती, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. एक तारखेपासून लेक नोकरीला लागणार होती, चार वर्षांनी पुन्हा. नोकरी कसली, तर बांधकामांच्या सुरक्षेची तपासनीस. शहरातल्या यच्चयावत परांच्या तिच्या सहीवाचून उभ्या राहणार नव्हत्या. मुकादमाची लेक मुकादमांची मुकादम होणार, हे मुकादमांनी सगळ्या गल्लीला सांगून झालं होतं. जावई परगावी कामाला, महिन्यातून दोनदा येणारे. आजी जाऊन तीन वर्षं झालेली. म्हणजे खारू सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिच्या आबांकडे, मुकादमांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात. तिकिटं काढताना लेक हसत हसत म्हणाली होती, “बाबा, पाच दिवस बघते तुम्हाला. मग ठरवते.” ती हसत म्हणाली होती, पण मुकादमांनी ते हसण्यावारी नेलं नव्हतं. बायको गेल्यापासून त्यांच्या दिवसाला खारूखेरीज दुसरं काही नव्हतं.

आणि खारूला आपण वाऱ्यावर सोडलेलं नाही, तिला आपण तयार केलंय, असा त्यांचा दावा होता.

परांचीवर त्यांचा एक नियम असे. शिडी चढणाऱ्याने पहिलं पाऊल टाकण्याआधी ओरडायचं, “खाली कोण?” शिडी धरणाऱ्याने दोन्ही हात शिडीवर ठेवायचे, एक पाय तिच्या बुडाशी टेकवायचा, आणि मगच उत्तर द्यायचं, “आहे!” बस. ‘हो’ नाही, ‘चढ रे’ नाही, नावगाव नाही. ‘आहे’ आलं तर पाऊल उचलायचं, नाही आलं तर तिथेच उभं राहायचं, मग डोक्यावर ऊन असो की खाली सगळे जेवायला बसलेले असोत. पुढच्या टप्प्याला पुन्हा विचारायचं. आणि शिडीला हात नसताना ‘आहे’ म्हणणं हा मुकादमांच्या राज्यातला सगळ्यांत मोठा गुन्हा. त्याला त्यांनी नाव दिलं होतं, खोटा ‘आहे’.

“बगळा म्हणून एक गडी होता माझ्याकडे,” ते सांगत. “लांब मान, लांब पाय. एकदा जेवणाचा डबा उघडता उघडता ‘आहे’ म्हणाला. शिडी वीतभर सरकली. वरच्याला कळलंसुद्धा नाही, त्याला वाटलं शिडी बसली. पण मी बगळ्याला त्याच संध्याकाळी कामावरून काढला. गयावया केली त्याने. मी हाललो नाही.” ही गोष्ट ते नेहमी इथवरच सांगत आणि चहाचा कप खाली ठेवत.

खारू जिना चढायला शिकली तेव्हा आबांनी तिला पहिली गोष्ट शिकवली ती हीच. तेव्हापासून घसरगुंडी असो, सोफा असो, दात घासायचं चार बोटं उंचीचं स्टूल असो, पाय उचलण्याआधी आरोळी ठरलेली. एकदा बँकेत खुर्चीवर चढताना तिने अशी काही हाक दिली की पहारेकरी उठून उभा राहिला. लेक कपाळावर हात मारून घेई. मुकादम मात्र फुलून जात.

पहिले दोन दिवस कडी लागलेली राहिली आणि मुकादम फुगलेले राहिले. बाल्कनीत जायचं तर तिघांनी मिळून, खारूचा हात लेकीच्या हातात, उभ्याउभ्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बाईंना व्हरांड्यात गाठलं.

“एक खुर्ची द्या हो. कंबर धरते माझी.”

“काका, ताईंनी नको म्हटलंय.”

“ताईचा बाप मीच आहे. आत बसायला हवी.”

“आतच ठेवाल ना? बाहेर नको हं.”

“बाई, मी चाळीस वर्षं…” मुकादमांनी सुरुवात केली. बाईंनी चादरींची चळत एका हातावरून दुसऱ्या हातावर घेत चाळीसच्या चाळीस वर्षं ऐकली आणि खुर्ची आणून दिली. मुकादम ताकाला गेले होते आणि भांडं लपवलं होतं. खुर्ची त्यांना बाहेरच हवी होती.

न्याहारी झाल्यावर खारूला पुन्हा झोप लागली. पहाटे पाचपासून ती जागी होती. लेकीने पोहण्याचे कपडे पिशवीत भरले, बाहेर काढले, पुन्हा भरले. जहाजाच्या वरच्या मजल्यावर तलाव होता. लग्नाआधी ती रोज पोहायची. चार वर्षांत एक तास एकटीचा मिळाला नव्हता.

“जाऊ ना, बाबा?”

“जा. मनसोक्त पोह.”

“कडी?”

“लावलेली आहे. तूच बघ.”

तिने पाहिलं. कडी खरंच लावलेली होती. ती गेली. मग मुकादमांनी कडी काढली, खुर्ची बाहेर नेली, कठड्याला लावून ठेवली म्हणजे हात टेकायला बरं, आणि चहाचा कप घेऊन बसले. दर दोन घोटांनी मागे वळून खारूकडे बघत होते, हेही सांगायला हवं. ऊन कोवळं होतं. साध्या मजुराचा मुलगा मी, ते मनाशी म्हणत होते, आणि आज लेकीच्या जिवावर समुद्रावर बसून चहा पितोय. छाती अशी भरून आली की चहा निवाला तरी त्यांना कळलं नाही.

मग हनुवटीवरून हात फिरला आणि दाढीची आठवण झाली. लेक येण्याआधी उरकून घ्यावी. ते आत आले, सरकतं दार ओढून घेतलं. वरच्या कडीकडे हात गेला, पण दोन मिनिटांचं तर काम, पुन्हा बाहेरच बसायचंय. खुर्ची तशीच राहिली. खारू तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. त्यांनी न्हाणीघराचं दार किलकिलं ठेवलं, गालांना फेस लावला आणि रेझर चालवू लागले.

उजवा गाल झाला. डावा सुरू करायचा, तेवढ्यात बाहेरून आरोळी आली.

“खाली कोण?”

“आहे!” मुकादम म्हणाले.

म्हणाले कसले, तोंडातून गेलं. जित्याची खोड. चाळीस वर्षांत दिवसाला शंभरदा दिलेलं उत्तर, ते द्यायला माणूस जागा असावाच लागतो असं नाही. पोर पलंगावरून उतरत असेल, असंही त्यांना वाटून गेलं. उतरताना विचारते, शहाणी आहे. रेझर गालावर टेकला.

आणि खुंटीवरचा टॉवेल हलला.

बंद केबिनमध्ये टॉवेल हलत नाही. मुकादमांनी आरशातून त्या टॉवेलकडे पाहिलं. वाऱ्याला खारा वास होता. तेवढ्यात पुन्हा आरोळी आली, पण या वेळी ती लांबून आली, वाऱ्याने फाटलेली.

“खाली कोण?”

दातांपर्यंत आलेलं उत्तर मुकादमांनी तिथेच चावून धरलं. त्या एका शब्दावर ती पोर पुढचं पाऊल टाकणार होती. ओरडताही येत नव्हतं. दचकली तर पाय सुटेल. पायाखालची जमीन सरकली म्हणावं, तर पायाखाली जमीन नव्हतीच. ते अनवाणी, फेसासकट, आवाज न करता खोलीभर चालत गेले. सहा पावलं होती.

सरकतं दार पोरीच्या अंगाएवढं उघडं होतं. खारू खुर्चीच्या बैठकीवर उभी होती, दोन्ही हात कठड्याच्या लाकडी पट्टीवर, एक पाय खुर्चीच्या हातावर चढवलेला. कठडा तिच्या पोटाशी आला होता. पलीकडे, नऊ मजले खाली, पांढरं पाणी पळत होतं. पण तिचं लक्ष समुद्राकडे नव्हतं. मान मागे वळवून ती दाराकडे बघत होती, कपाळाला आठ्या घालून, ताटकळत ठेवलेल्या माणसासारखी.

“खाली कोण? आबा!”

त्यांनी तिच्या कमरेला हात घातला, उचललं, आत आणलं, दार पाठीने लोटलं आणि दाराला टेकून जमिनीवरच बसले.

“तू ‘आहे’ म्हणालाच नाहीस,” खारू रागावून म्हणाली.

“नाही म्हणालो.”

“मी किती वेळ थांबले! माझा पाय दुखला.”

“थांबलीस ना,” मुकादम म्हणाले. “थांबलीस माझी बाय.”

तिने बोटाने त्यांच्या गालावरचा फेस काढला आणि त्यांच्याच नाकाला लावला. आबा का रडताहेत ते तिला समजलं नाही. मुकादमांनाही ते नीट सांगता आलं नसतं. पोरीचा अभिमान असा उसळून येत होता की छाती फुटेल, आणि त्याच छातीत लाज मावत नव्हती. पावणेचार वर्षांच्या पोरीने नियम पाळला होता. मोडला होता तो नियम करणाऱ्याने.

त्यांनी खुर्ची आत ओढली, कडी लावली, ती लागली की नाही ते तीनदा पाहिलं. मग पलंगाच्या कडेला बसले, आणि मनात नको तो हिशेब सुरू झाला. पाहिलंय कुणी? समुद्राने. खारू सांगेल काय, तर आबा ‘आहे’ म्हणाला नाही. पोरांच्या बोलण्यात असतं असं काहीबाही. आणि यातून पोरीला ओरखडासुद्धा उठलेला नव्हता. सांगितलं, तर एक तारखेनंतर त्यांच्या घरात सकाळी खारूची आरोळी येणार नव्हती. हे त्यांना लख्ख दिसत होतं.

दार उघडलं. लेक आली ती ओल्या केसांनी, काहीतरी गुणगुणत, दहा वर्षांनी लहान होऊन.

“काय मस्त पाणी होतं, बाबा! आणि हे काय, अर्धीच दाढी?”

रेझर बोथट झालाय, हे उत्तर मुकादमांनी तयार ठेवलं होतं.

“मी खोटा ‘आहे’ दिला,” ते म्हणाले.

दुसऱ्या कुणाला याचा अर्थ सांगावा लागला असता. ही त्यांची लेक होती, त्या शब्दावर वाढलेली. केस पुसणारा तिचा हात थांबला.

“कुणाला?”

त्यांनी सगळं सांगितलं. बाईंना काय म्हणून खुर्ची मागितली तिथपासून, कडीकडे गेलेला हात मागे का घेतला ते, टॉवेल, खुर्चीच्या हातावरचा तो पाय. स्वतःची बाजू कुठेही घेतली नाही. लेकीने खारूला उचललं आणि इतकं घट्ट धरलं की ती “आई, दुखतंय” म्हणाली.

“आणि ती थांबली नसती तर?”

मुकादम गालावरचा वाळलेला फेस बोटाने खरवडू लागले.

“बोला ना. एरवी चाळीस वर्षं बोलताय. आता बोला.” तिचा आवाज चढला नव्हता, तो चढला असता तर बरं झालं असतं. “मी तिथे वर पाण्यावर पाठ टाकून तरंगत होते. डोळे मिटून. आणि मनात म्हणत होते, बाबा आहेत.”

ती खारूला घेऊन निघून गेली. त्या दिवशी मग ती त्यांच्याशी ‘ताट इकडे करा’ आणि ‘तिचे बूट कुठेत’ याच्यापलीकडे बोलली नाही.

मुकादमांनी उरलेली दाढी केली आणि खुर्ची उचलून बाईंकडे परत न्यायला निघाले. गर्वाचं घर खाली म्हणतात, ते इतकं खाली असतं हे त्यांना माहीत नव्हतं. बाईंनाही त्यांनी सगळं सांगितलं. बाईंनी चादरी खाली ठेवल्या आणि त्यांनी आणलेल्याच खुर्चीवर टेकल्या.

“मी द्यायलाच नको होती,” त्या म्हणाल्या.

“तुम्ही आत ठेवा म्हणालात. मी खोटं बोललो.”

“तरी.” बाईंनी आवाज खाली आणला. “तुमच्या पलीकडे तिसऱ्या केबिनमध्ये एक आजोबा आहेत. दोन नातवंडं, एक पाच वर्षांचं, एक तीनचं. खुर्च्या नेऊ देत नाहीत. म्हणतात, आमची मुलं शिस्तीची आहेत, आणि मी बसलोय ना इथे. माझं कोण ऐकतंय.”

मुकादम तडक तिसऱ्या केबिनशी गेले. दार एका रुंद मिशांच्या गृहस्थांनी उघडलं. मुकादमांनी नमस्कार केला आणि सांगायला सुरुवात केली. लोकांनी आपलं ऐकावं म्हणून आजवर त्यांनी स्वतःची थोरवी सांगितली होती. आज उभ्याउभ्या, परक्या माणसाला, स्वतःची चूक सांगितली. सांगताना कान तापले. मिशीवाले आजोबा मधेच वळून आत गेले, बाल्कनीतल्या दोन्ही खुर्च्या एकावर एक घालून घेऊन आले आणि व्हरांड्यात ठेवून म्हणाले, “अजून कुणाकुणाला सांगायचंय? मी येतो बरोबर.”

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोघांचं त्या मजल्यावरच्या पाच दारांशी जाऊन झालं होतं. एका दारात त्यांना ‘तुमचं काम बघा’ ऐकावं लागलं. मुकादमांनी त्या दारात पुन्हा जाऊन ते ऐकलं, आणि तिसऱ्या खेपेला खुर्च्या बाहेर आल्या.

हे सगळं लेकीला जेवणाच्या रांगेत कळलं. एक तरुण आई तिला म्हणाली, “ते उंच आजोबा तुमचे वडील ना? स्वतःवर ओढून घेऊन सांगत होते हो सगळं. आमच्याकडे कुणी असं सांगत नाही.” लेकीने मान हलवली आणि रिकामं ताट हातात घेऊन तशीच उभी राहिली.

दुपारी खारू झोपली. खुर्च्या नव्हत्या, म्हणून बापलेक पलंगाच्या कडेला बसले. समोर बंद काच, वर कडी.

“एक तारखेपासून दुसरी सोय बघ,” मुकादम म्हणाले. “तुमच्या कोपऱ्यावरचं पाळणाघर चांगलं आहे म्हणतात. बगळ्याला मी काढला होता. मला वेगळा न्याय नको.”

“बगळ्याची गोष्ट तुम्ही नेहमी अर्धीच सांगता.”

“अर्धी काय? काढला त्याला. गयावया केली…”

“शिडी सरकली हे तुम्हाला कळलं कसं, बाबा?”

मुकादमांनी वरच्या कडीकडे पाहिलं.

“वरच्याला कळलं नव्हतं. बघायला कुणी नव्हतं. बगळाकाका स्वतः आले होते आपल्या घरी. मी गृहपाठ करत होते. आईने पाणी दिलं ते त्यांनी घेतलं नाही, म्हणाले आधी सांगतो, मग प्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. तुम्ही काढलंत त्यांना, खरं आहे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्यांच्या घरी जाऊन परत आणलंत, तेही खरं आहे. त्यात तुमचा कडकपणा दिसत नाही म्हणून सांगत नाही तुम्ही. पुढे शेवटपर्यंत तुमची स्वतःची शिडी कोण धरायचं?”

“बगळा.”

“का?”

“त्याच्या ‘आहे’ची मला पुन्हा कधी शंका आली नाही.”

“मग झालं तर,” लेक म्हणाली. तिचं नाक लाल झालं होतं. तिने ते चादरीच्या टोकाला पुसलं, आणि मग एकदम सरळ बसून वेगळ्याच आवाजात बोलू लागली. “पण ऐकून घ्या. तुमच्या गॅलरीच्या दाराला वर कडी लागेल. ती तुम्ही लावायची, मी नाही. गॅलरीत चढता येईल असं काहीही राहणार नाही, कुंडीसुद्धा नाही. खिडकीखालचा तुमचा तो लाडका बाक हलवायचा. आणि ‘खाली कोण’ जिन्यावर, घसरगुंडीवर. बाल्कनीला ते नाहीच. बाल्कनीत मोठ्या माणसाने हात धरून न्यायचं, नाहीतर जायचं नाही. नियम पोरीने पाळला म्हणून आपण वाचलो. तिच्यावर हे ओझं पुन्हा टाकायचं नाही.”

“तपासनीसबाई, लेखी देऊ का?”

“मी बघायला येणार. न सांगता येणार.”

मुकादमांनी तिच्याकडे पाहिलं. मांडीवर हात, मान ताठ, एकही मुद्दा न सुटलेला. ज्याची परांची ही तपासेल त्याची काही धडगत नाही, त्यांच्या मनात आलं, आणि दोन दिवस खाली गेलेली त्यांची मान आपसूक वर आली. नापास करून पास करणारी माणसं त्यांनी आयुष्यात फार थोडी पाहिली होती. त्यातली एक त्यांच्या घरात वाढली होती.

खारू उठल्यावर त्यांनी तिला नवा नियम सांगितला. बाल्कनीला आरोळी नाही, हात.

“का?” खारूने विचारलं.

“आबा चुकतो म्हणून.”

खारूने यावर थोडा विचार केला आणि ते मान्य केलं.

पाचव्या दिवशी सकाळी जहाज धक्क्याला लागलं. उतरायला लोखंडी जिना होता, लांब आणि चढा, आणि त्यावर सामानासकट माणसांची रांग. निरोप द्यायला बाई वरच्या दाराशी उभ्या होत्या. मुकादम पुढे उतरले, दोन्ही हातांत बॅगा. मागे खारू, तिच्यामागे लेक, तिच्याही दोन्ही हातांत सामान.

वरच्या पायरीशी खारू थांबली.

“खाली कोण?”

रांग थांबली. कुणीतरी मागून “काय झालं?” विचारलं. मुकादमांनी वर पाहिलं, खारूकडे, आणि तिच्या डोक्यावरून लेकीकडे. उत्तर द्यायची घाई करणारे मुकादम आता सावकाश वळले. त्यांनी हातातली एक बॅग खालच्या पायरीवर टेकवली, पाय पायरीला रोवला, मोकळा हात वर करून खारूचा हात पकडला, तो पकडला आहे हे डोळ्यांनी पाहिलं.

“आहे,” ते म्हणाले.

खारू उतरली. एक पायरी, दुसरी, तिसरी. मुकादमांनी तिला आपल्या शेजारी घेतलं आणि बॅग उचलायला वाकले.

“खाली कोण?”

आवाज मोठ्या माणसाचा होता. वरच्या पायरीवर लेक उभी होती, दोन्ही हातांत सामान, डोळे भरलेले, आणि मागे सगळी रांग खोळंबलेली. लहानपणी अंगणातल्या शिडीवरून ती अशीच हाक मारायची. त्याला तीस वर्षं होऊन गेली होती.

मुकादमांनी दुसरी बॅगही खाली ठेवली.